पाच तारांच्या बेंजोवर सरगम : मेलोडिक पद्धतीने सप्तक कसं बसवायचं

नागपूर-अमरावतीकडच्या वाद्यांच्या दुकानात बेंजो मागितला तर बहुतेक वेळा कळांचा बेंजो पुढे येतो. टाइपरायटरसारख्या कळांचा, बुलबुल तरंगच्या कुळातला, वरातीत वाजणारा. हा लेख त्याच्यासाठी नाही. इथे विषय आहे अमेरिकेतल्या पाच तारांच्या बेंजोचा. गोल कड्यावर डफासारखं ताणलेलं हेड (कातडं किंवा प्लॅस्टिक), लांब मान, बहुधा २२ पडदे, आणि पाचवी तार आखूड, मानेच्या मधूनच पाचव्या पडद्याजवळ सुरू होणारी. हे वाद्य हाती आलं असेल, भजन मंडळाची पेटी ऐकून सरगम कानात असेल आणि इंटरनेटवरचे धडे पाहून डोकं चक्रावलं असेल, तर पुढचं वाचा.

तीन बोटांनी बेंजो वाजवण्याच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. पहिली अमेरिकन बेंजोवादक अर्ल स्क्रग्ज यांची. ते १९४५ च्या अखेरीस गायक-मेंडोलिनवादक बिल मनरो यांच्या बँडमध्ये आले आणि ही पद्धत सगळीकडे पोहोचली. तिच्यात बोटं सतत फिरतात, त्याला रोल म्हणतात. चालीचे सूर त्या रोलमध्ये अधूनमधून ठेवलेले असतात, बाकीचे सूर भरणीचे. दुसरी मेलोडिक. १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि १९६० च्या सुरुवातीला बॉबी थॉम्प्सन आणि बिल कीथ यांनी ती वेगवेगळी घडवली. कीथ १९६३ मध्ये मनरोंच्या बँडमध्ये वाजवू लागले आणि मग तिची चर्चा झाली. हिच्यात भरणी जवळजवळ नाही, छेडलेला प्रत्येक सूर चालीचाच. फिडलची धून जशीच्या तशी बेंजोवर यावी, हा तिचा हेतू. आपल्या दृष्टीने पाहिलं तर अलंकार, तान, भजनाची चाल सूर न गाळता वाजवायला हीच पद्धत सोयीची.

तिचं सगळं तंत्र एका नियमावर उभं आहे : पुढचा सूर शक्यतो दुसऱ्या तारेवर घ्यायचा. सतार वाजवणारा एकाच तारेवर वरखाली धावतो. बेंजोचा सूर लवकर विझतो, त्यामुळे एका तारेवर धावलं की सूर तुटक, ठकठक येतात. तार बदलली की आधीचा सूर थोडा रेंगाळतो, तेवढ्यात नवा लागतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून या पद्धतीतलं सप्तक पहिल्यांदा कागदावर पाहिलं की उलटंसुलटं वाटतं. सा तिसऱ्या तारेवर, रे त्याहून जाड चौथ्या तारेवर, ग परत दुसरीवर. ते मुद्दाम तसं आहे.

तारा लावणे

सर्वांत रूढ लावणी जी सुराची आहे. आपल्या भाषेत सा म्हणजे पेटीची पांढरी पाच. तारांचे क्रमांक जमिनीकडून वर मोजतात. पहिली तार जमिनीच्या बाजूला, चौथी सर्वांत जाड, आणि पाचवी ती आखूड, आपल्या चेहऱ्याकडची. पांढरी पाचला सा धरलं की मोकळ्या तारा अशा बोलतात :

पाचवी तार – तार सप्तकाचा सां (३९२ हर्ट्झ)
चौथी तार – मंद्र प (सुमारे १४७ हर्ट्झ)
तिसरी तार – मध्य सा (१९६ हर्ट्झ)
दुसरी तार – शुद्ध ग (सुमारे २४७ हर्ट्झ)
पहिली तार – मध्य प (सुमारे २९४ हर्ट्झ)

म्हणजे काहीही न दाबता नुसता हात फिरवला तरी सा, ग, प वाजतात. हा सांगाडा पाठ करा. पुढचं सगळं यावरच बसतं.

पहिल्यांदा लावताना मोबाइलवरचं ट्यूनर वापरा, कारण नवख्याला सप्तक चुकायचा धोका असतो. तिसरी तार चुकून वरच्या पांढरी पाचला न्यायला गेलात तर ती तुटणारच. तार ताणता ताणता फार कडक लागू लागली की थांबा, सूर बहुधा खालच्या सप्तकात आहे. पुढे रोजच्या लावणीला पेटी पुरते. वीज गेली, मोबाइल बंद पडला तरी पडद्यांवरून पडताळा घेता येतो. चौथी तार पाचव्या पडद्यावर दाबली की मोकळ्या तिसरीशी जुळली पाहिजे. तिसरी चौथ्या पडद्यावर दुसरीशी, दुसरी तिसऱ्या पडद्यावर पहिलीशी, आणि पहिली पाचव्या पडद्यावर आखूड पाचवीशी.

एक बारकावा दुसऱ्या तारेचा. ट्यूनरवर अचूक लावलेला ग तंबोऱ्यासोबत थोडा चढा वाटतो, कारण तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंटने (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) खाली असतो. एकटे तंबोरा अ‍ॅप लावून बसला असाल तर दुसरी तार केसभर उतरवा, फार गोड लागते. पेटीबरोबर बसणार असाल तर मात्र ट्यूनरवरच ठेवा, नाहीतर पेटीच्या गंधाराशी भांडण होईल.

घोडी आधी, सराव नंतर

बेंजोची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसते. ती फक्त तारांच्या दाबाने हेडवर उभी असते, आणि वाहतुकीत, तारा बदलताना, कुणी पोट्ट्याने हात लावला तरी सरकते. मेलोडिक पद्धतीत सातव्या, नवव्या, दहाव्या पडद्यांवर सतत जावं लागतं. घोडी चार-पाच मिलिमीटर सरकलेली असेल तर मोकळे सूर बरोबर आणि वरचे सगळे बेसूर, अशी अवस्था होते आणि शिकणारा स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो.

तपासणी सोपी. पहिल्या तारेला बाराव्या पडद्याच्या अगदी वर हलका स्पर्श करून छेडा, घंटीसारखा सूर निघेल. मग तीच तार बाराव्या पडद्यावर नीट दाबून छेडा. दोन्ही सूर एक असायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी शेपटीकडे सरकवा, उतरलेला असेल तर मानेकडे. सरकवण्याआधी तारा थोड्या सैल करा आणि घोडीचे पाय धरून सरकवा, डोक्याला धरून नाही, नाहीतर ती आडवी पडते. मग पुन्हा लावा आणि पुन्हा तपासा. असंच चौथ्या तारेलाही करा. जाड तारेमुळे तिच्या बाजूला घोडी किंचित मागे, म्हणजे थोडी तिरकी राहिली तर चालते. जागा पक्की झाली की घोडीच्या पायांभोवती हेडवर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा.

नख्या आणि उजवा हात

अंगठ्याला प्लॅस्टिकची नखी, तर्जनी आणि मध्यमेला धातूच्या नख्या. धातूच्या नखीचं पान बोटाच्या मऊ बाजूला येतं, नखावर नाही. सतारीची मिजराब वापरलेल्यांनाही हे आधी विचित्र वाटतं. पान बोटाच्या गोलाईप्रमाणे थोडं वाकवून घ्या. सरळ ठेवलं तर ते तारेत अडकतं. नखी सैल असेल तर तिचे दोन कान चिमट्याने हळूच दाबा. इतकंही नको की पाच मिनिटांत बोटाचं टोक जांभळं पडेल. अंगठ्याची नखी बसत नसेल तर गरम पाण्यात क्षणभर बुडवून मऊ करा आणि आकार द्या. उकळत्या पाण्यात सोडून दिली तर ती वाकडीतिकडी होते.

अनामिका आणि करंगळी, किंवा निदान एक, हेडवर टेकवा, घोडीच्या थोडं अलीकडे. हा टेकू सुटला की हात भरकटतो. बरोब्बर घोडीजवळ वाजवलं तर आवाज कडक आणि टोचणारा. तिथून दोन-तीन बोटं मानेकडे या. मेलोडिक पद्धतीत सूर गोल, एकसारखे हवेत, म्हणून ही जागा बरी.

सप्तक

इथून पुढे आधी तारेचा क्रमांक, मग पडद्याचा. ४-७ म्हणजे चौथी तार, सातवा पडदा. शून्य म्हणजे मोकळी तार. शेवटी उजव्या हाताचं बोट.

सा : ३-०, तर्जनी
रे : ४-७, अंगठा
ग : २-०, तर्जनी
म : ३-५, अंगठा
प : १-०, मध्यमा
ध : २-५, तर्जनी
नी : १-४, मध्यमा
सां : ५-०, अंगठा

उतरताना हेच उलट. उजव्या हाताचं एकही बोट लागोपाठ दोनदा येत नाही, आणि एकही तार लागोपाठ दोनदा येत नाही. याच दोन गोष्टींमुळे पुढे वेग येतो, त्यामुळे त्यांत तडजोड करू नका. रे ३-२ वरही मिळतो, तोच सूर आहे, पण मग सा आणि रे दोन्ही तिसऱ्या तारेवर येतात आणि मोकळा सा तिथेच संपतो. म्हणून ४-७.

डाव्या हाताची बोटं : ४-७ ला अनामिका, ३-५ ला तर्जनी, २-५ ला मध्यमा, १-४ ला पुन्हा तर्जनी. आठ सुरांपैकी चार मोकळे आहेत, म्हणजे डाव्या हाताला प्रत्यक्षात चारच सूर दाबायचे. हात एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचा तो मोकळी तार वाजत असताना. तर्जनीला ३-५ वरून १-४ वर जायला जो वेळ लागतो, तो १-० ची मोकळी तार मिळवून देते.

पहिला आठवडा एवढंच करा : लय विसरा. सा छेडा. रे दाबा, छेडा, आणि अनामिका तिथेच ठेवा. ग छेडा. आता तर्जनी ३-५ वर, अनामिका अजूनही ४-७ वर. म छेडा, प छेडा, आणि प लागल्यावरच दोन्ही बोटं उचला. उचलताना कान द्या, सुरांचा एक गुच्छ विरताना ऐकू यायला हवा. आलं तर पद्धत कळली. मध्ये पोकळी आली तर बोट लवकर उचललं जातंय. नव्याण्णव टक्के नवखे इथेच अडतात, कारण पेटीची सवय असते. पेटीत पुढची पट्टी दाबताना मागची सोडावी लागते. इथे मागचं बोट मुद्दाम उशिरा सोडायचं.

वरच्या सप्तकात थोडंसंच जा. सां ५-० नंतर रें २-१० (तर्जनी), गं १-९ (मध्यमा). डाव्या हाताची मध्यमा दहाव्या पडद्यावर, तर्जनी नवव्यावर. चौथ्या पडद्यापासून दहाव्यापर्यंतची ही मोठी उडी पाचव्या मोकळ्या तारेच्या आवाजात लपते. उडी मारताना तार घासत नेऊ नका, बोट उचलूनच न्या. खाली मात्र ही सोय नाही. मंद्र प, ध, नी हे चौथ्या तारेवरच आहेत, ४-०, ४-२, ४-४, कारण त्याहून खालची तारच नाही. तिथे प छेडून ध नुसतं बोट आपटून काढायचा आणि नी पुन्हा छेडायचा. त्याने तुटकपणा बराच झाकला जातो.

आवाज सारखा का येत नाही

सप्तक हाताला लागलं की पुढची तक्रार हमखास हीच : सूर बरोबर आहेत, पण चाल ओबडधोबड ऐकू येते. कारणं बहुधा तीन असतात.

पहिलं चौथ्या तारेचं. ती गुंडाळीची, जाड, आणि सातव्या पडद्यावर तिचा आवाज भरदार पण बोथट. शेजारचा ग मोकळ्या पातळ तारेचा, खणखणीत. शिवाय रे ला अंगठा पडतो आणि अंगठा मुळातच जोरकस. त्यामुळे रे ढोलासारखा उठतो. अंगठ्याची नखी तारेत कमी बुडवा. नखीचं टोक तारेला नुसतं चाटून गेलं पाहिजे. पाचव्या तारेचंही तेच. सां वर प्रत्येक वेळी टाळी पडल्यासारखं वाटत असेल तर अंगठा हलका करा.

दुसरं, ग आणि म एकमेकांत घुसतात. दुसरी तार मोकळी वाजत राहते आणि तिच्यावर म येतो, अर्ध्या सुराची खरखर होते. धावत्या तानेत ती बेंजोची ओळख म्हणून खपते, चांगलीही लागते. पण चाल म वर थांबणार असेल तर नको. ३-५ वरची तर्जनी किंचित आडवी करा, तिच्या पोटाने दुसरी तार आपोआप दबते.

तिसरं, ध आणि नी वेळेच्या आधी येतात. दोन्ही दाबलेले, दोन्ही पातळ तारांवर, उजव्या हाताची तर्जनी-मध्यमा तिथे उतावीळ होते. इथे लय लागते.

लय आणि पलटे

आठ सूर, आठ मात्रा. केरव्याच्या एका आवर्तनात आरोह, दुसऱ्यात अवरोह. मेट्रोनोम किंवा तबला अ‍ॅप ६० वर लावा, एका ठोक्याला एक सूर. कंटाळवाणं आहे, तरीही. सलग चार आवर्तनं एकही सूर न अडखळता गेली की ५ ने वाढवा. ९० ला पोहोचलात की पुन्हा ६० वर या आणि ठोक्याला दोन सूर घ्या. एकाच दिवशी ६० वरून १२० वर जाण्याची हौस असतेच. कायले घाई करता बाप्पा, हात आखडला की आठवडा वाया जातो. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखू लागलं तर थांबा. त्या दुखण्यावर सराव हा उपाय नाही.

मग पलटे. सा रे ग, रे ग म, ग म प या सरळ पलट्यात वर दिलेली बोटं जशीच्या तशी चालतात, काहीही बदलावं लागत नाही. सां पर्यंत जाऊन पाहा, दोन गटांच्या सांध्यावरही बोट पुन्हा येत नाही. उडीच्या पलट्यात मात्र नियम मोडतात आणि तिथेच खरं शिक्षण आहे. सा ग, रे म, ग प घेताना सा आणि ग दोन्हीला तर्जनी येते. तिथे ग ला मध्यमा घ्या. रे आणि म दोन्हीला अंगठा येतो. तिथे म ला तर्जनी. लगेच येणाऱ्या ग ला अंगठा चालतो, तो दुसऱ्या तारेपर्यंत सहज पोहोचतो, मग प ला मध्यमा मोकळी राहते. प नी ही जोडी पहिल्याच तारेवर अडकते, म्हणून नी २-७ वर घ्या, तर्जनीने. एकच सूर दोन-तीन जागी मिळतो याचा उपयोग इथे कळतो. लक्षात ठेवण्यासारख्या जागा : म ३-५ आणि २-१, प १-० आणि २-३ आणि ३-७, ध २-५ आणि १-२, नी १-४ आणि २-७, सां ५-० आणि १-५. नवी चाल बसवताना आधी मोकळ्या तारा कुठे येतात ते शोधा, मग त्यांच्या आजूबाजूला दाबलेले सूर ठेवा.

कोणते राग आधी

भूप सर्वांत आधी. सा ३-०, रे ४-७, ग २-०, प १-०, ध २-५, सां ५-०. सहा सुरांत फक्त दोन दाबायचे. भूपाच्या अंगाच्या कितीतरी भजनांच्या चाली आहेत, त्यातली एखादी पहिल्या महिन्यातच हाताला लागते. नंतर दुर्गा : ग काढून म ३-५ घाला, म ला उजवी तर्जनी. उतरताना ध म हे लागोपाठ येतात, २-५ आणि ३-५ शेजारी-शेजारी, एकाच पडद्यावर. ते दोन वेगळ्या बोटांनी दाबा, आडवं एक बोट घालू नका, नाहीतर सूर दबके येतात.

यमन ऐकायला कठीण वाटतो, पण या वाद्यावर तो फार मऊ बसतो. तीव्र म ३-६ वर. आता ग नंतर प वगळून म ध नी सां घ्या : ३-६, २-५, १-४, ५-०. सहावा, पाचवा, चौथा पडदा, तिरकी उतरण, अनामिका-मध्यमा-तर्जनी आपापल्या जागी एकदाच ठेवायची आणि उजवा हात अंगठा-तर्जनी-मध्यमा-अंगठा असा फिरवायचा. चार सूर, हात जागचा हलत नाही. सुरुवातीची मंद्र नी, रे, ग ही जागा ४-४, ३-२, २-० अशी घ्या. इथे रे ४-७ वर घेतला तर नी आणि रे एकाच तारेवर येतात. ३-२ ची आठवण ठेवायची ती याच्यासाठी.

खमाजात चढताना नी १-४, उतरताना कोमल नी १-३. तर्जनी तिसऱ्यावर आणि ध साठी अनामिका पाचव्यावर.

कोमल गंधाराचे राग आले की मोकळी दुसरी तार वैरी होते. ती शुद्ध ग बोलत राहते, आणि कोमल ग ३-३ वर घ्यावा तर ४-७ च्या रे पासून हात फाकतो. सरळ उपाय आहे : दुसरी तारच अर्धा सूर उतरवा. आता मोकळी तार म्हणजे कोमल ग, आणि सप्तकाचा सांगाडा पहिल्यासारखाच राहतो. काफीसाठी ३-०, ४-७, २-०, ३-५, १-०, २-६, १-३, ५-०. फरक एवढाच की नी कोमल आहे, म्हणून १-३, आणि ध आता सहाव्या पडद्यावर गेला, कारण तार उतरली. तिथे ध ला करंगळी वापरा. शिवरंजनी तर याच लावणीत भुपाइतकी सोपी होते : म आणि नी वगळा, झालं.

दरबारी, मियाँ की तोडी यांच्या मागे सध्या लागू नका. मींड आणि आंदोलन हे त्यांचं सर्वस्व, आणि पडद्यांच्या, लवकर विझणाऱ्या या वाद्याला ते झेपत नाही. तार बाजूला ओढून सूर थोडा चढवता येतो, घसरून कण लावता येतो, त्याहून जास्त नाही.

मंडळाचा सा वेगळा असेल तर

मंडळ काळी चारात गात असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो (मानेवर लावून तारा दाबून धरणारा चिमटा), पांढरी सहाला दुसऱ्यावर, काळी पाचला तिसऱ्यावर. कॅपो चार लांब तारा उचलतो, आखूड पाचवी तशीच राहते. ती वेगळी चढवावी लागते. एक किंवा दोन घरं खुंटी पिळून जमतात. त्याच्या पुढे ताण वाढून तार तुटू लागते. तिच्यासाठी सातव्या-नवव्या पडद्याजवळ छोटे खिळे बसवतात, तार त्यांच्याखाली अडकवायची. सातव्या पडद्याचा खिळा तिला दोन घरं वर नेतो. हे काम स्वतः हातोडी घेऊन करू नका, मान चिरते. कॅपो लावल्यावर सगळे पडदे तिथून मोजायचे, बोटं बदलत नाहीत. कॅपो पडद्याला अगदी चिकटून लावा आणि लावल्यावर तारा पुन्हा तपासा, थोड्या चढतातच.

पांढरी दोनला कॅपो कामाचा नाही, सातव्या पडद्यावर गेलो तर वर जागाच उरत नाही. पण दुसरा रस्ता आहे. पांढरी दोन सा धरली की मोकळ्या तारा बनतात चौथी सा, तिसरी म, दुसरी ध, पहिली सां, पाचवी तार सप्तकाचा मं. बिलावल असा येतो : सा ४-०, रे ४-२, ग ४-४, म ३-०, प ४-७, ध २-०, नी ३-६, सां १-०, रें २-५, गं १-४, मं ५-०. खालचे तीन सोडले तर ही हुबेहूब यमनची बोटं आहेत. पांढरी पाचचा यमन आणि पांढरी दोनचा बिलावल यांत सूर तेच असतात. ज्याने यमन आधी घोटला त्याला हे दोन दिवसांत येतं. मंडळ काळी एकात असेल तर पाचही तारा अर्धा सूर उतरवून हेच वाजवा. तारा थोड्या ढिल्या लागतात, चालतं.

तारा आणि ऊन

बेंजोच्या तारांना खालच्या टोकाला फास असतो आणि त्या तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाहीत. गिटारच्या सुट्या तारा चालतात. टोकाची पितळी गोळी पक्कडीने हलकेच दाबून फोडली की तारेचा फास मोकळा होतो. पहिली आणि पाचवी ०.०१० इंच, दुसरी ०.०११ किंवा ०.०१२, तिसरी ०.०१३, चौथी गुंडाळीची ०.०२० ते ०.०२२. गोळी फोडताना डोळे सांभाळा, आणि फासाजवळची पिळलेली तार दाबली जाऊ देऊ नका, तिथूनच तुटते.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली, बंद गाडीत, खिडकीच्या उन्हात वाद्य ठेवू नका. मानेचं लाकूड सुकून आत ओढलं जातं आणि पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात. कूलरच्या समोरही नको. गरम खोलीत उतरलेल्या तारा कूलरच्या गार हवेत चढतात, पुन्हा उतरतात, आणि ओली हवा तारांना गंज आणते. हेड प्लॅस्टिकचं असेल तर त्याला हवेचा त्रास कमी. कातडी हेड असेल तर ते डफासारखंच वागतं, पावसाळ्यात सैल पडून आवाज बसतो आणि घोडी खाली जाते, उन्हाळ्यात तणतं. सैल पडलं म्हणून पावसाळ्यात आवळलेले हुक दिवाळीनंतर थोडे सोडायला विसरू नका, नाहीतर कोरड्या हवेत कातडं फाटतं. हुक आवळताना एकाच बाजूने गोल जाऊ नका. समोरासमोरचे, प्रत्येक वेळी पाव फेरा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने खालून-वरून पुसा. घामाने पहिली आणि पाचवी तार सर्वांत आधी जाते, म्हणून त्या दोन जास्तीच्या आणून ठेवा.